थाई लोक नक्की कुठले? (विमानतळावरच्या पाटीवरून सुचलेला धागा)

मधलीसुट्टी

मंडळी, गेल्या महिन्यात आम्ही बँकॉकला जाऊन आलो. नेहमीचंच, चार दिवस पाच रात्री, सोबत सासूबाईंनी दिलेला चिवडा. उतरल्या उतरल्या सगळ्यांसारखाच समुद्रमंथनाच्या पुतळ्यासमोर फोटो काढला, मागे विमानतळाचं नाव सुवर्णभूमी, म्हटलं वा, घरीच आलो. मग टॅक्सीवाल्याला ऐटीत सांगितलं की आम्ही सुवर्णभूमी बघून खूश झालो. त्याला कळेचना. चार वेळा सांगितल्यावर त्याचा चेहरा उजळला, म्हणाला, आ, सुवन्नफूम!

तिथून जो किडा डोक्यात शिरला तो अजून वळवळतोय. गावांची नावं, राजांची नावं, वारांची नावं सगळी संस्कृत, पण तोंडावर बघावं तर चीनच्या बाजूचे वाटतात, आणि भाषा ऐकली तर एक शब्द कळत नाही. मग हे लोक आहेत कुठले? टॅक्सीवाला म्हणाला थाई म्हणजे स्वतंत्र, आम्ही कधीच कुणाचे गुलाम नव्हतो. हे खरं का? इथे जाणकार आहेत म्हणून धागा काढतेय. कृपया नाईट मार्केटच्या खरेदीसाठी वेगळा धागा काढावा, तिथेही येईनच :)

म्हसोबाचा_माळ

सोप्पं आहे ताई. अयुथ्या म्हणजे अयोध्या, राजाला राम म्हणतात, आत्ताचा दहावा राम. आधीचा राजा भूमिबोल म्हणजे भूमिबल, अतुल्यतेज. लोपबुरी म्हणजे लवपुरी. एप्रिलमध्ये सोंगक्रान करतात ती संक्रांतच, फक्त मेषेची. अजून काय पुरावा पाहिजे? मूळचे आपलेच, विसरलेत एवढंच.

तिसरी_घंटा

म्हसोबा, तुमचं एकेक उदाहरण बरोबर आणि निष्कर्ष पूर्ण चूक, असं फार क्वचित जमतं, दंडवत घ्या.

बघा, एखाद्या भाषेचं मूळ शोधायचं तर राजाचं नाव आणि विमानतळाची पाटी बघत नाहीत, कारण भारी नावं माणूस नेहमी बाहेरून आणतो. बघायचं असतं पाण्याला काय म्हणतात, भाताला, माशाला, कुत्र्याला, डोळ्याला. थाईत पाणी नाम, भात खाव, मासा प्ला, शेत ना, डोळा ता. यातला एकही शब्द संस्कृत नाही, आणि हेच शब्द थोड्या फरकाने लाओसमध्ये, ब्रह्मदेशातल्या शान लोकांत आणि व्हिएतनामच्या उत्तर डोंगरात सापडतात. जरा लांबची भावंडं म्हणजे चीनच्या ग्वांग्शी प्रांतातले च्वांग, चीनमधला सगळ्यात मोठा अल्पसंख्याक समाज, दीड कोटीच्या वर लोक.

आता मूळ जागा कशी ओळखतात तर साधा हिशेब आहे, ज्या पट्ट्यात एका कुळातल्या भाषा एकमेकींपासून सगळ्यात जास्त फाटलेल्या सापडतात तिथे ते कुळ सगळ्यात जुनं. या कुळाची सगळ्यात जास्त फाटाफूट ग्वांग्शी, ग्वीचौ आणि हैनान बेटाच्या आसपास आहे. थायलंडमध्ये मात्र ती कमी आहे, म्हणजे तिथे ही भाषा उशिरा पोचली. चिनीतून उसने घेतलेल्या शब्दांच्या थरांवरून एका थाई भाषाशास्त्रज्ञाने हिशेब मांडलाय की हे लोक दक्षिणेला आणि पश्चिमेला पसरायला लागले ते साधारण आठव्या ते दहाव्या शतकात. तीनापासून आकडे मोजून बघा: साम, सी, हा, होक, चेत, पेत, काव, सिप. हाँगकाँगला कधी गेला असाल तर कानाला ओळखीचे वाटतील, जुन्या चिनीतून आलेत. पण शून्याला थाईत सून म्हणतात, तो मात्र आपल्याकडून गेलेला!

कोकमसरबत

वाचतेय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

धोपेश्वरी

मी पाच वर्षं बँकॉकात आहे, नवऱ्याच्या नोकरीमुळे, आणि दोन वर्षं थाई शिकतेय, म्हणून थोडं लिहिते, चुकलं तर माझ्या मास्तरीणबाईंना सांगू नका.

सुवर्णभूमीचं सुवन्नफूम का होतं हे मला वर्गात तिसऱ्या महिन्यात कळलं आणि त्या दिवशी मी अक्षरशः ओरडले. थाई मुळाक्षरांचा क्रम आपलाच आहे. ती लिपी आली ख्मेर म्हणजे कंबोडियाच्या लोकांकडून आणि ख्मेरांकडे गेली दक्षिण भारतातल्या पल्लवांची लिपी, त्यामुळे क ख ग घ ङ, च छ ज झ ञ, सगळं ओळीने आहे. फक्त मधल्या काही शतकांत त्यांच्या तोंडातले ग, ज, द, ब हे उच्चार बदलून ख, छ, थ, फ झाले आणि अक्षरं तशीच राहिली. म्हणून लिहितात ग आणि वाचतात ख. शिवाय शब्दाच्या शेवटी र ल आले की न म्हणायचं आणि ज स आले की त. एवढं लक्षात ठेवलं की कुलूप उघडतं: नगरचं नखोन, देवचं थेप, बलचं फोन, गुरूचं ख्रू. नखोन सी थम्मरात असं गाव आहे ते नगर श्री धर्मराज. आणि चंद्र लिहितात पूर्ण, अगदी द आणि र सकट, वर एक शेंडी काढतात म्हणजे हे वाचू नका, आणि म्हणतात नुसतं चन. मी विचारलं वाचायचं नाही तर लिहिता कशाला, तर बाई म्हणाल्या, मग कळणार कसं की हा चंद्र आहे?

पण तिसरी_घंटा म्हणतात ते खरंय. माझी सगळी संस्कृत पुंजी पाटी वाचायला कामाला येते, बाजारात शून्य उपयोग. बाजारात लागतात सूर. पाच सूर आहेत. खाव एका सुरात भात, दुसऱ्या सुरात पांढरा, तिसऱ्या सुरात बातमी. इथे वयाने मोठ्या कुणालाही फी म्हणतात, आपल्या दादा ताईसारखं, नाव घेत नाहीत. मी पहिलं वर्षभर बिल्डिंगच्या वॉचमनपासून शेजारच्या आजींपर्यंत सगळ्यांना मान देऊन फी म्हणत होते, फक्त सूर वर नेत होते. त्या सुरात त्याचा अर्थ भूत.

म्हसोबाचा_माळ

वॉचमनने नोकरी सोडली नाही ना? :))

बरं शब्द राहू द्या, पण वार? वन आथित, वन चन, वन फुत, वन सुक. महिने तर राशींवरून. आपण जानेवारी फेब्रुवारी करत बसलोय आणि ते मकर कुंभ मीन म्हणतात.

तिसरी_घंटा

महिन्यांचं चांगलं काढलंत. ती यादी १८८९ ची आहे, चुलालोंगकोर्न राजाच्या काळात देववोंग नावाच्या राजपुत्राने बसवली, पाश्चात्य पद्धतीचं कॅलेंडर आणायचं होतं म्हणून. आणि काय डोकं आहे बघा, ३१ दिवसांच्या महिन्याच्या शेवटी खोम (आगम), ३० च्या शेवटी योन (आयन) आणि फेब्रुवारी एकटा फन. मकराखोम ३१, मेसायोन ३०, कुम्फाफन बिचारा वेगळा. आपण अजून मुठीची हाडं मोजतो.

म्हणजे ही परंपरा हजार वर्षांची नाही, सव्वाशे दीडशे वर्षांची आहे. तसंच थोरसप (दूर + शब्द, टेलिफोन), थोरथत (दूरदर्शन, हो तेच), रत्थथम्मनून म्हणजे राज्यघटना. असे बरेच शब्द विसाव्या शतकात बसून तयार केलेत, त्यातले कितीतरी वान नावाच्या राजपुत्राने. आपल्याकडे सावरकरांनी महापौर, दिनांक दिले तसंच. त्यावरून कुणी मराठी माणूस मूळचा कुठला ते ठरवत नाही.

आणि एक गंमत. नखोन पथोम गावाचं नाव घ्या, नगर आणि प्रथम. आपण प्रथम नगर म्हटलं असतं. ते उलट म्हणतात कारण त्यांच्या भाषेत विशेषण मागून येतं. शब्द आपले पण वाक्य त्यांचं.

पाटकई

इतके दिवस नुसता वाचक होतो, हा धागा बघून लॉगिन केलं.

माझी जवळजवळ सगळी नोकरी वरच्या आसामात झाली, दिब्रुगड जिल्ह्यात. थाई लोक बघायला तुम्ही विमानाने बँकॉकला गेलात, आमच्या साईटपासून ते तासाभरावर होते. नाहरकटियाजवळ बुढी दिहिंग नदीच्या काठी नामफाके नावाचं गाव आहे, ताई फाके लोकांचं (ताई म्हणजे थाईंचं सगळं कूळ). खांबांवर उचललेली घरं, बौद्ध विहार, आणि घरात बोलतात ती भाषा थाईची चुलत बहीण. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला बोटांवर आकडे मोजून दाखवले होते, तीनापासून दहापर्यंत जवळपास तिसरी_घंटा यांनी वर दिलेत तेच. जेवायला पानात बांधलेला भात दिला, दाबून वडीसारखा झालेला. आसामी लोक त्याला तोपोला भात म्हणतात, ते खाव हॉ म्हणतात. खाव भात, हॉ गुंडाळणे. धोपेश्वरी ताई, तुमच्याकडेही हॉ म्हणजे गुंडाळणंच ना?

आणि आपल्या शाळेच्या पुस्तकात दोन ओळीत उरकलेले आहोम, ते कोण? ताईच. १२२८ साली सुकाफा नावाचा सरदार पाटकईचा डोंगर ओलांडून आला, ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात राज्य मांडलं आणि ते १८२६ पर्यंत टिकलं. १६७१ ला सराईघाटावर मुघलांना हरवणारा लाचित बोरफुकन त्यांचाच. शेतकरी म्हणून पाणी अडवून करायची भातशेती घेऊन आले, गावांच्या नद्यांच्या नावात नाम ठेवून गेले, नामडांग, नामरूप. राजाला चाव फा म्हणायचे, आकाशाचा मालक. पुढे हिंदू झाले तेव्हा त्याचंच सरळ भाषांतर केलं, स्वर्गदेव. चाव फा ही पदवी बँकॉकच्या राजघराण्यात अजून आहे, तिथे मात्र भाषांतर झालं नाही.

एकाच घरातले लोक, एक शाखा पश्चिमेला आली ती भाषा विसरली आणि आसामी झाली, आहोम भाषा आता पुरोहितांच्या पोथ्यांत. दुसरी दक्षिणेला गेली, तिने भाषा टिकवली आणि वर संस्कृत पांघरलं. मला तरी हे राजाच्या नावापेक्षा जास्त विलक्षण वाटतं.

मधलीसुट्टी

पाटकई काका, यावर वेगळा लेख लिहाच. मला आहोम म्हणजे एवढंच माहीत होतं की परीक्षेत जोड्या लावायला येतात.

धोपेश्वरी

हो हो, हॉ म्हणजे गुंडाळणंच! काल मासळीवालीने केळीच्या पानात हॉ करून दिलं. अंगावर काटा आला वाचून.

चिकूवाडी

अवांतर: थाईत पावाला खनोम पांग म्हणतात, त्यातला पांग पोर्तुगीज पांव वरून, आणि साबणाला सबू. आपला पाव आणि साबण पण तिकडूनच. १५११ मध्ये पोर्तुगिजांनी मलाक्का घेतलं आणि त्याच वर्षी त्यांचा माणूस अयुथ्येच्या दरबारात पोचला. म्हणजे संस्कृतात नाही पण बेकरीत आपली भाऊबंदकी नक्की. गोंयकाराचा नमस्कार.

कोकमसरबत

थाई म्हणजे स्वतंत्र, त्या प्रश्नाचं काय झालं?

तिसरी_घंटा

राहिलंच की. भाषाशास्त्राच्या हिशेबाने मूळ अर्थ फक्त माणूस, लोक. जगात कितीतरी जमाती स्वतःला नुसतं माणसं म्हणतात. स्वतंत्र हा अर्थ नंतर चिकटला, आणि नाव म्हणून देशाला लावला तो २४ जून १९३९ रोजी, फिबून नावाच्या लष्करी पंतप्रधानाने. त्याआधी देश सयाम. महायुद्ध संपल्यावर परत सयाम केलं, १९४९ ला पुन्हा थायलंड. नाव बदलण्यामागे त्याचा आणि त्याच्या सांस्कृतिक सल्लागाराचा, लुआंग विचित यांचा, हेतू असा की सयाम ही एक जागा आहे आणि थाई ही एक जात आहे, मग सीमेपलीकडचे लाव (लाओसवाले), शान सगळे आपलेच म्हणता येतात. युरोपात तेव्हा काय वारं होतं ते सांगायला नको.

मग एकामागून एक फर्मानं, बारा निघाली. तिसरं फर्मान सगळ्यात महत्त्वाचं, लोकांना उत्तरेचे थाई, दक्षिणेचे थाई, मुसलमान थाई असं म्हणायचं नाही, सगळे फक्त थाई. पान खायचं नाही, बाहेर पडताना टोपी घाला. सवतदी हा नमस्कारसुद्धा तेव्हाच सरकारने लावला, एका भाषापंडिताने स्वस्तिवरून बनवलेला. १९४२ ला तर मुळाक्षरांतून १३ व्यंजनं उडवली, म्हणाले उच्चार एकच असताना चार चार ख कशाला. ती बरीचशी संस्कृत पाली शब्दांसाठी ठेवलेलीच होती. फिबून १९४४ ला पडला आणि अक्षरं परत आली. धोपेश्वरी ताईंच्या मास्तरीणबाई म्हणाल्या तेच, मग चंद्र ओळखायचा कसा.

शाळेत तेव्हा शिकवायचे की आम्ही मंगोलियाकडच्या अल्ताई पर्वतातून आलो, मग दक्षिण चीनमध्ये नानचाव नावाचं राज्य केलं, मग चिन्यांनी ढकललं म्हणून खाली आलो. एका अमेरिकन मिशनऱ्याने चालवलेली कल्पना, अल्ताईमधला ताई बघून बऱ्याच लोकांना पटली, तिकडे बर्फात भात कुठे पिकणार हे कुणी विचारलं नाही. नानचावचे राजेही ताई नव्हते. पण पुस्तकांतून हे जायला अनेक वर्षं लागली.

आंबेहळद

माझे दोन पैसे. आधी तिथे मोन लोक होते, द्वारावती नावाच्या जुन्या राज्यातले, मग ख्मेर आले, त्यांची मंदिरं लोपबुरीला अजून आहेत. ताई लोक त्यांच्यात येऊन मिसळले. मध्य थायलंडच्या लोकांचे आईकडून येणारे डीएनए तपासले तेव्हा ते मोन लोकांच्या जवळ निघाले, म्हणजे बऱ्याच ठिकाणी माणसं तीच राहिली आणि भाषा बदलली. लाओस आणि ईशानकडे (थायलंडचा ईशान्य भाग) मात्र माणसंच सरकत आलेली दिसतात.

वर चिनी. बर्मी सैन्याने १७६७ ला अयुथ्या जाळल्यावर देश परत उभा करणारा ताकसिन राजा, त्याचे वडील चिनी व्यापारी, त्योच्यू ही दक्षिण चीनची बोली बोलणारे. आडनावं सक्तीची झाली १९१३ मध्ये, त्याआधी आडनाव नावाची भानगडच नव्हती. नवीन आडनाव दुसऱ्या कुणी आधी घेतलेलं चालत नाही, त्यामुळे उशिरा आडनाव घेणाऱ्या चिनी घरांची आडनावं लांबच लांब संस्कृत. आमच्या ऑफिसच्या बँकॉक शाखेत एक जण आहे, त्याचं आडनाव व्हिजिटिंग कार्डावर दोन ओळीत येतं, आणि स्वतःला म्हणवतो बॉल. त्याला विचारलं अर्थ काय, तर म्हणे समृद्धी, वैभव वगैरे काहीतरी, आजोबांनी भिक्षूंना विचारून घेतलं.

म्हसोबाचा_माळ

मान्य, मान्य. आपलेच नाहीत. पण तो रामखमहेंग राजाचा शिलालेख आहे ना १२९२ चा? तो थाईच आहे का तोही राजपुत्राने बनवला?

तिसरी_घंटा

तुम्ही थट्टेत बोललात पण नेमकं तेच भांडण आहे. तो लेख सापडला १८३३ ला, शोधला मोंगकुट राजपुत्राने, तेव्हा तो भिक्षू होता, पुढे राजा झाला. काही अभ्यासकांनी म्हटलं की यातली लिपी आणि भाषा संशयास्पद आहे, हा बहुतेक त्यानेच करवला. बाकीच्यांनी उत्तरं दिली, वाद झाले, युनेस्कोने २००३ मध्ये त्याला जागतिक स्मृतीच्या यादीत घातलं. मी खरं मानणाऱ्यांच्या बाजूचा. पण त्यातलं प्रसिद्ध वाक्य कुठलं माहितीय का? पाण्यात मासे आहेत, शेतात भात आहे. नाय नाम मी प्ला, नाय ना मी खाव. एकही संस्कृत शब्द नाही बघा त्यात.

धोपेश्वरी

ईशानचा विषय निघालाच आहे तर सांगते, कारण पर्यटकांना तो दिसत नाही पण भेटतो रोज. टॅक्सीवाला, पपई कुटून सलाड देणारी गाडीवाली, पार्लरमधली मुलगी, बहुतेक तिकडचे. ईशान म्हणजे आपलं ईशान्य, बँकॉकच्या ईशान्येला. लोक भाषेने लाव. १८२७-२८ मध्ये सयामच्या सैन्याने व्हिएंटियान उद्ध्वस्त केलं आणि माणसं मेकाँगच्या अलीकडे हाकलत आणली, त्यामुळे आज लाव बोलणारे लाओस देशात आहेत त्याच्या दुपटीहून जास्त थायलंडमध्ये आहेत. पण फ्रेंच पलीकडे येऊन बसल्यावर बँकॉकला लाव हा शब्द नकोसा झाला, ते आमचे आहेत म्हणून फ्रेंच मागतील. मग १९०० च्या सुमारास प्रांताचं नाव लाववरून बदलून ईशान केलं आणि शिरगणतीत लाव लोक थाई झाले.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई, मी त्यांना फी म्हणते (बरोबर सुरात), माझ्याशी बोलताना अगदी बातम्यांतली थाई बोलतात. नाही म्हणायचं तर माय. एकदा आईचा फोन आला आणि ओट्याशी उभ्या राहून दहा मिनिटं वेगळ्याच भाषेत बोलल्या, नाहीला बॉ, चवदारला सेप. मला बघितल्यावर आवाज खाली. मला एकदम माझी आत्या आठवली, मालवणहून पुण्यात लग्न होऊन आलेली, सासरी शुद्ध आणि माहेरच्या फोनवर "गो बाय".

सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला राष्ट्रगीत लागलं की स्टेशनवर सगळे जागच्या जागी थांबतात, भाजीवाली सुद्धा हातातली जुडी तशीच धरून. त्या वेळी कोण लाव, कोण चिनी, कोण मोन काही कळत नाही.

पाटकई

दक्षिणेचं पण लिहा कुणीतरी. पत्तनीकडचे मलय बोलणारे मुसलमान, १९०९ च्या इंग्रज-सयाम तहाने सीमा आखली आणि ते इकडे राहिले. त्यांना हे सगळे एकच थाई हे प्रकरण अजून पचलेलं नाही, गेली वीस वर्षं तिथे गोळीबार चालू आहे.

मधलीसुट्टी

बाप रे. मी मसाजच्या खुर्चीत बसून आले फक्त.

धोपेश्वरी, एक विनंती. तुमच्या त्या बाईंना विचाराल का, त्या स्वतःला थाई म्हणतात का लाव? उगाच उत्सुकता.

धोपेश्वरी

विचारलं. भाजी निवडताना विचारलं, कारण समोरासमोर बसवून विचारलं तर ऑफिसातलं उत्तर मिळालं असतं.

आधी हसल्या. म्हणाल्या पासपोर्टवर थाई. आई लाव म्हणते, आजी तर लावच. मग थांबून म्हणाल्या, खोन ईसान. ईसानची माणसं. मी सांगितलं की ईसान हा शब्द आमच्याकडचा, त्याचा अर्थ फक्त एक दिशा, आणि तो बँकॉकने दिलाय तुम्हाला. तर म्हणाल्या, असेल, पण आता आमचाच आहे, आणि तुम्ही कोथिंबिरीची मुळं टाकून देताय ती द्या इकडे, ती वाटणात लागतात.

कोकमसरबत

मुळांसकट कोथिंबीर पुण्यात मिळते का कुठे?

चिकूवाडी

मार्केट यार्डात सकाळी सहाच्या आत जावा.